भोंगऱ्या बाजारात एचआयव्ही चाचणीचे शिबिर घ्यावे का?

माध्यमिक शिक्षक, तळोदा

दिवाळी सरली की सातपुड्यातील पाड्यांवरची जोडपी मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि त्यांतील बरीच होळीला घरी येतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात धडगाव परिसरात भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा एरवी विखुरलेली ही माणसे एका जागी भेटतात. आरोग्य विभागाने त्याच बाजारात एचआयव्ही चाचणीचा तंबू उभारावा, असे माझे मत आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन केलेल्या चाचणीचा प्राथमिक निष्कर्ष अर्ध्या तासात कळतो. त्यासाठी डोंगरातल्या माणसाने मजुरी बुडवून दूरच्या केंद्रापर्यंत यावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. सरकार २००४ पासून मोफत औषध देते आणि २०१७ पासून रक्तातील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण आहे. असे असताना केवळ निदान न झाल्यामुळे कोणी क्षयाने खंगत जावे, हे मला सहन होत नाही.

ऊस उत्पादक, शहादा

गुरुजी, ऐच्छिक तंबूत कोणीही पाऊल ठेवणार नाही. टोळी भरतानाच मुकादमाने प्रत्येकाचा अहवाल मागावा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी आपल्या जिल्ह्यात रक्त तपासले जाते, त्याला कोणी हरकत घेत नाही. मग एचआयव्हीलाच वेगळा नियम का?

चाचणी केंद्रातील समुपदेशक, शिरपूर

भाऊ, नियम वेगळा आहे, कारण या आजारात निदान फुटले की माणसाचे काम जाते, घर तुटते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि काम देण्यासाठी चाचणीची अट घालणे हा भेदभाव ठरतो. मुकादमाच्या हाती अहवाल गेला तर बाधित मजुराची उचल बंद होईल, आणि ते पाहून बाकीचे आमच्या केंद्राची पायरी चढणार नाहीत.

गुरुजींच्या तळमळीशी माझे भांडण नाही; तंबूच्या जागेशी आणि वेळेशी आहे. संसर्ग झाल्यावर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, तो चाचणीत दिसत नाही. हंगामाच्या अखेरीस लागण झालेल्या माणसाला होळीत ‘काही नाही’ असे सांगितले, तर तो निश्चिंत होऊन घरी जाईल. उलट पहिल्या चाचणीत संसर्ग दिसला तरी तेवढ्यावर निदान होत नाही. तीन वेगवेगळ्या किटांवर खात्री करावी लागते. ढोल वाजत असताना, नातेवाईक बाहेर उभे असताना, त्या माणसाला पुढच्या चाचण्यांसाठी थांबवून ठेवणे म्हणजे सगळ्या बाजाराला त्याचे निदान सांगणे आहे. पेरणीनंतरच्या दिवसांत हीच कुटुंबे गावात असतात आणि तोवर संसर्ग चाचणीत न दिसण्याचा काळही उलटलेला असतो. तेव्हा उपकेंद्रात हिमोग्लोबिन, सिकलसेल, गुप्तरोग यांच्या तपासणीसोबत, पण स्वतंत्र संमती घेऊन, एचआयव्हीची चाचणी करावी. मग कोण कशासाठी आले, हे रांगेतल्या कोणालाच कळणार नाही.

पावरा समाजातील विद्यार्थी, धडगाव

माझी हरकत याहून मूळची आहे. भोंगऱ्या हा आमचा सण आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात अधिक जोखमीचे गट म्हणून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांची नोंद आहे. ट्रकचालक व स्थलांतरित मजूर यांचा वेगळा विचार होतो. यात आदिवासी हा गट कुठेही नाही. जोखीम घरापासून तुटलेल्या जगण्यातून आणि सेवा नसण्यातून येते. मग तंबू आमच्या सणात का, उसाच्या फडाजवळच्या पडावावर का नाही? मुंबई–आग्रा महामार्गावरच्या शिरपूर-धुळ्याच्या ढाब्यांवर का नाही? शिबिराचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले की शहरातला वाचक आजार आणि आदिवासी यांची एकच जोडी लक्षात ठेवतो. पडावावर निरोध, दवाखाना आणि पावरी-भिलीत बोलणारा माणूस मिळाला, तर निम्मे काम तिथेच होईल.

माध्यमिक शिक्षक, तळोदा

पडावाची सूचना मला मान्य आहे, परंतु तो गुजरातच्या हद्दीत असल्यामुळे दोन राज्यांच्या यंत्रणांनी एकत्र बसेपर्यंत आपण काय करायचे? फडातच दिवस भरणाऱ्या बाईची आठवण कोणी काढलेली नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो आणि वेळेवर औषध मिळाले तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. होळीत ती गावी आली असताना तिला गाठले नाही, तर पेरणीपर्यंत तिचे बाळंतपण होऊन गेलेले असेल. बाजारात ढोल वाजतो म्हणून तिची संधी आपण सोडून द्यायची का? निदान गरोदर स्त्रियांपुरते तरी त्या आठवड्यात आशाताईंना घरोघर पाठवा.

तृतीयपंथी कार्यकर्ती, भुसावळ

सर्वांसाठी एकच रांग, ही सूचना ऐकायला चांगली वाटते. पण त्या रांगेत आम्हाला आधार कार्डावरच्या पुरुषी नावाने हाक मारली की आमची माणसे परत फिरतात. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात आमच्यासाठी स्वतंत्र एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रांची तरतूद आहे, ती या कारणासाठीच. आमच्यातलीच एखादी सोबत आली, तर चेली, म्हणजे गुरूची शिष्या, चाचणीला येते आणि औषधही चालू ठेवते. त्यामुळे सामान्य तपासणीत चाचणी मिसळा, परंतु त्या नावाखाली आमची केंद्रे बंद करू नका.

चाचणी केंद्रातील समुपदेशक, शिरपूर

ताई, ती केंद्रे राहायलाच हवीत. गुरुजी, गरोदर स्त्रियांचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. त्यांच्यासाठी होळीचाच आठवडा धरावा. मात्र दिवाळीनंतर पुन्हा फडावर जाणाऱ्या बाधिताचे काय, याचे उत्तर चाचणीआधीच तयार हवे. रोजची एक गोळी नियमित घेऊन विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, मोजण्यापलीकडे खाली गेला, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही. गोळ्या मध्येच तुटल्या की तो पुन्हा वाढतो. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम द्यावे, गुजरातमधील जवळच्या एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीचे औषध देणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी सोबत द्यावी, आणि ती गोळी कशाची आहे हे मुकादमाला सांगण्याचे बंधन कोणावरही नाही, हे प्रत्येकाला त्याच्या बोलीत समजावून द्यावे.

पावरा समाजातील विद्यार्थी, धडगाव

आशाताई घरोघर जाणार असतील तर माझी हरकत नाही. बाजारातल्या तंबूला मात्र माझा विरोध कायम आहे.