घोड्यांच्या क्षेत्रात करिअर : पदवी घ्यावी की थेट पागेत उमेदवारी करावी?

मखमलाबादकर
नमस्कार. मी नाशिकजवळ मखमलाबादला राहते आणि यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देणार आहे. गेली चार वर्षे दर रविवारी मी घोडेस्वारीच्या वर्गाला जाते. आता खोगीर चढवणे, खरारा करणे, खुरांतला चिखल काढणे ही कामेही मला करू देतात आणि खरे सांगायचे तर स्वारीपेक्षा मला तीच अधिक आवडू लागली आहेत. वडील द्राक्षबागायतदार आहेत. त्यांचा विरोध नाही, परंतु लग्नाच्या घोड्या आणि टांगे सोडले तर नाशकात घोड्यावर पोट कोणाचे चालते, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पशुवैद्यकाची पदवी घ्यावी, की एखाद्या पागेत शिकाऊ म्हणून लागावे?

गावचा पशुवैद्य
तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. वडिलांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की माझे घर गाईम्हशींवर चालते. घोडे वर्षाकाठी मोजकेच येतात. पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात एक वर्ष आंतरवासितेचे असते, आणि प्रवेश नीटच्या गुणांवर मिळतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांपैकी परळला सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय १८८६ सालचे आहे. मात्र घोड्यावर हात बसायला पदवीनंतर मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर किंवा घोड्यांची पैदास करणाऱ्या स्टड फार्मवर उमेदवारी करावीच लागते. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये, म्हणजे जनावरे सांभाळणाऱ्या विभागात, पशुवैद्य अधिकारी होण्याचा मार्गही पदवीधरांनाच खुला होतो.

हे काम कसे असते, तेही ऐक. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता एका घोडीसाठी बोलावणे आले. ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून पुन्हापुन्हा स्वतःच्या कुशीकडे पाहत होती आणि घामाने निथळत होती. हा पोटशूळ, ज्याला पागेत सगळे कॉलिकच म्हणतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठरात तुंबलेले पाणी आणि वायू नाकातून नळी घालूनच काढावे लागतात. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तिची चंदी तशीच पडलेली संध्याकाळी पाहिली होती, पण ‘सकाळी खाईल’ म्हणून तो झोपला. घोडी वाचली, परंतु उजाडेपर्यंत मला जागचे हलता आले नाही. अशा रात्रीनंतरही तुला हेच करावेसे वाटेल का, याचा विचार कर.

पहाटेची पागा
मी बारा वर्षे घोडेस्वारी शिकवते आहे. आपल्या नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलची घोडेस्वारी सर्वांना ठाऊक आहे. अशा शाळांमुळे प्रशिक्षकाला थोडीफार मागणी राहते, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. स्वतःची पागा काढायचे म्हटले, की तिथेच घोडे पेंड खाते. चातुर्मासात लग्ने थांबतात, पावसात वर्ग बंद पडतात, पण चंदी, चारा आणि मोतद्दाराचा पगार थांबत नाही.

शर्यतींच्या क्षेत्रात पैसा आहे, तशी अनिश्चितताही आहे. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा हंगाम फिरतो, त्यामुळे घोड्यांबरोबर माणसांचेही बिऱ्हाड पाठीवर असते. त्यातच शर्यतींवरील पैजांवरचा जीएसटी २०१७ पासूनच २८ टक्के होता आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांवर गेला. क्लबांचे उत्पन्न बरेचसे पैजांवरच अवलंबून असल्याने त्याची झळ शेवटी तबेल्यापर्यंत पोहोचते. केवळ स्वारी येते, या भांडवलावर या क्षेत्रात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाल आणि खिळा
तिसऱ्या वाटेचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. मी नालबंद आहे. कामाच्या घोड्याचे नाल साधारण पाच-सहा आठवड्यांनी काढून, खूर तासून, पुन्हा बसवावे लागतात. मालकाची मिळकत थांबली तरी खूर वाढायचा थांबत नाही. खिळा खुराच्या मेलेल्या कडेतूनच बाहेर निघाला पाहिजे, एका गव्हाच्या दाण्याइतका आत गेला तरी घोडा लंगडतो. हे पुस्तकातून येत नाही. मी पहिली दोन वर्षे केवळ पाय धरून उभा होतो. कंबर मात्र चाळिशीतच बोलू लागते, हेही सांगितले पाहिजे.

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते. वडिलांना घेऊन तिथे दोन दिवस जा. मारवाडी, काठेवाडी घोड्यांचे व्यवहार करणारे, खोगीर विकणारे, नालबंद, डॉक्टर असे सगळे एकाच मैदानात भेटतात. कोणाचे पोट कशावर चालते, ते वडिलांनाच त्यांना विचारू दे.

मखमलाबादकर
सर्वांची मनापासून आभारी आहे. वडिलांना सगळे वाचून दाखवले. नीटचा अर्ज भरायचा आणि परीक्षा संपल्यावर दोन महिने रोज पहाटे पागेत काम करायचे, असे ठरले आहे. पशुवैद्य काका, रात्रीच्या बोलावण्याला सोबत नेण्यास आपली हरकत नसेल, तर वडिलांनी मला सोडायला येण्याचे कबूल केले आहे.

गावचा पशुवैद्य
हरकत नाही. जाड तळाचे बूट घालून ये आणि घोडीच्या मागे उभी राहू नकोस.