एप्रिलची केरळ सहल: रद्द करू, पुढे ढकलू की रेल्वेची वाट बघू?

मुलुंडचा_अण्णा | १४ मार्च २०२०, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. हे घरात विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारतोय.

११ एप्रिलला आम्ही आठ जण केरळला निघणार आहोत. मुलीची दहावी २३ मार्चला भूगोलाच्या पेपराने संपते, त्यानंतरची ही सहल दोन वर्षं ठरतेय. मी, बायको, मुलगी आणि आई-बाबा नेत्रावती एक्सप्रेसने, थ्री टियर एसी. नाशिकहून ताई, भावोजी आणि भाचा मुंबईला येऊन विमानाने कोचीला. (भावोजींना एका जागी चोवीस तास बसवत नाही. ते लग्नातही बसले नव्हते.)

तिकिटांची कथा अशी. १२० दिवस आधी आरक्षण उघडतं म्हणून १३ डिसेंबरला सकाळी आठला मी मोबाइलवर आमची तीन काढली. बाबांचा मोबाइलवर विश्वास नाही. ते त्याच वेळी मुलुंड स्टेशनच्या खिडकीवर रांगेत उभे होते. ज्येष्ठांची सवलत आणि दोन लोअर बर्थ घेऊन विजयी मुद्रेने घरी आले. डबा वेगळा मिळाला, पण ते असो.

बाकी भरलेले पैसे: मुन्नारच्या होमस्टेला ६,०००, अलेप्पीच्या हाउसबोटला ८,०००, गाडीवाल्याला ३,०००.

आता परिस्थिती अशी आहे की कोरोनामुळे कालपासून मुंबईत थिएटर, जिम, तरण तलाव बंद आणि आज शाळा बंदचा आदेश. बाबा ७६ वर्षांचे, मधुमेह आहे, पाच वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. आईने सहलीच्या साड्या इस्त्रीला दिल्यात. भावोजी म्हणतात, उन्हाळा लागला की विषाणू मरतो आणि केरळात तर ऊनच ऊन. बायको म्हणते, तुम्ही ठरवा. हे वाक्य किती धोकादायक असतं ते विवाहितांना सांगायला नको.

आत्ता रद्द केलं तर किती पैसे बुडतील? की थांबून बघावं?

—

खिडकीची_जागा | १४ मार्च, रात्री ११:२५

रेल्वेचं आधी सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा. गाडी सुटायच्या ४८ तासांहून आधी रद्द केलंत तर थ्री टियरला माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी एवढेच कापतात. ४८ ते १२ तासांत पाव भाडं जातं, १२ ते ४ तासांत निम्मं. म्हणजे आज रद्द केलंत काय आणि ८ एप्रिलला केलंत काय, फरक शून्य. पण मधल्या काळात रेल्वेनेच गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे मिळतात. त्यामुळे तिकिटाला अजिबात हात लावू नका.

हॉटेल आणि हाउसबोटवाल्यांना मात्र उद्याच फोन करा. त्यांना जितकं लवकर कळवाल तितकी बोलायला जागा राहते. 'रद्द' म्हणू नका, 'तारीख पुढे' म्हणा.

—

परळची_सिस्टर | १५ मार्च, पहाटे ६:१०

रात्रपाळी संपवून लिहितेय, थोडक्यात लिहिते. तुमच्या भावोजींना विचारा, सिंगापूरला काय बर्फ पडतो का? तिथे जानेवारीपासून रुग्ण आहेत.

७६ वय, मधुमेह, स्टेंट. चीन-इटलीहून येणाऱ्या बातम्यांत ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला ते असेच लोक आहेत. एसी डब्यात एक दिवस, वर परक्या गावात काही झालं तर धावाधाव. मी माझ्या वडिलांना नेलं नसतं. औषधं दोन महिन्यांची भरून ठेवा, हे सहल होवो न होवो.

—

कोचीचा_कोकण्या | १६ मार्च, दुपारी १:०५

नोकरीमुळे सहा वर्षं एर्नाकुळमला आहे. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला इथेच, त्रिशूर जिल्ह्यात सापडला. १० तारखेला सरकारने ३१ मार्चपर्यंत शाळा आणि थिएटरं बंद केली. २०१८ साली निपाह विषाणूने पोळलेलं राज्य आहे, त्यामुळे लोक आरडाओरडा करत नाहीत, मुकाट्याने हात धुतात.

तुमच्या कामाची बातमी म्हणजे काल इथल्या विमानतळावर दुबईच्या विमानातून ब्रिटिश पर्यटकांचा अख्खा गट खाली उतरवला. त्यातल्या एकाला लागण झालीये. आणि ते उतरले होते कुठे? मुन्नारला. त्यामुळे तिथली मंडळी सध्या पाहुणा म्हटला की दचकतायत. तुम्ही आलात तरी बघाल काय आणि कोण दाखवेल?

—

माहीमची_मावशी | १६ मार्च, रात्री ९:३०

अण्णा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. रागावू नका, पण तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुम्ही १८० रुपयांसाठी रेल्वेची वाट बघत नाही आहात. रेल्वेने गाडी रद्द केली की बाबांसमोर आणि भावोजींसमोर तुम्हाला 'नको' म्हणावं लागणार नाही, म्हणून थांबलाय.

आमच्याकडे हेच झालं. माझ्या मुलाने माझ्या सासूबाईंची काशी यात्रा 'बघू, बघू' करत महिनाभर लोंबकळत ठेवली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अरे मेल्या, नाही म्हण ना एकदाचं, मला उपासाचं सामान घ्यायचं की नाही ते कळू दे. म्हाताऱ्या माणसांना नकार सोसतो हो, ताटकळणं सोसत नाही.

—

मुलुंडचा_अण्णा | १९ मार्च, रात्री ११:००

मावशी, तुमचं वाचून दोन दिवस इथे फिरकलो नाही. लागलं.

काल रात्री जेवताना सांगून टाकलं. आमटी वाढता वाढता आई थांबली, म्हणाली, मग इस्त्रीवाल्याला उरलेल्या साड्या परत माग. एवढंच. बाबांनी भात संपवला, ताक प्यायले, मग म्हणाले, "तिकीट रद्द करू नकोस. ४८ तास आधीपर्यंत १८० च जातात." म्हणजे खिडकीची_जागा, तुम्ही आणि आमचे बाबा एकाच शाळेतले. ते बेस्टमधून निवृत्त झालेत पण नियम रेल्वेचे पाठ आहेत.

ताईने फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. तिलाही नको होतं, पण तिला वाटत होतं माझा हट्ट आहे! भावोजी अजून तापमान सांगतायत.

होमस्टेच्या बाई फार सज्जन निघाल्या, म्हणाल्या वर्षभरात केव्हाही या. हाउसबोटवाला निम्मे परत देतो म्हणाला. गाडीवाल्याचे ३,००० मी मागितले नाहीत. त्याच्याकडे एप्रिलचं एकही बुकिंग उरलेलं नाही म्हणाला, मग पुढे बोलवेना.

आणि आजची गंमत. गर्दी टाळायला रेल्वेने आज मध्यरात्रीपासून ज्येष्ठांची सवलत थांबवलीये. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमचं तिकीट जुनं आहे. आम्हाला लागू नाही."

—

मुलुंडचा_अण्णा | २३ मार्च, सकाळी ८:१५

आता ३१ मार्चपर्यंत सगळ्या प्रवासी गाड्या बंद, लोकलसुद्धा. आमच्या गॅलरीतून रूळ दिसत नाहीत, पण आवाज येतो. आज तो नाहीये. बाबा पाच वाजल्यापासून उठून बसलेत.

मुलीचा आजचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला. तिची अभ्यासाची वह्या-पुस्तकं टेबलावर तशीच पसरलीयेत, उचलायची की नाही ते कोणी सांगत नाही.

—

खिडकीची_जागा | २५ मार्च, दुपारी ४:००

सगळ्यांसाठी. गाडी रेल्वेने रद्द केली असेल तर ऑनलाइन तिकीट स्वतः रद्द करायला जाऊ नका, पैसे कापले जाऊ शकतात. आपोआप खात्यात येतात. सुविधा शुल्क मिळत नाही. काउंटरची तिकिटं जपून ठेवा, त्यांचे पैसे घ्यायला मुदत वाढवून मिळेल.

—

मुलुंडचा_अण्णा | १२ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

काल आमचा निघायचा दिवस. गाडी अर्थातच रद्द. सकाळी ११:४० ला बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "सुटली." बारा वाजून गेल्यावर, "ठाणं गेलं असेल." मग पनवेल. आई ओरडली, आता पुरे, रत्नागिरीपर्यंत नेताय की काय. तिने मात्र गाडीत न्यायच्या तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, चुकून म्हणे.

आज भूगोलाचा पेपर कायमचा रद्द झाल्याचं जाहीर झालं. इतर विषयांच्या सरासरीने गुण देणार. मुलगी चिडलीये. केरळातल्या नद्या फुकट पाठ केल्या म्हणते. त्या तिच्या पुस्तकात नव्हत्याच, सहलीसाठी केल्या होत्या, पण हे तिला कोण सांगणार.

—

कोचीचा_कोकण्या | ४ ऑक्टोबर २०२०, सकाळी १०:००

जुना धागा वर आणतोय. अण्णा, बाबांच्या काउंटर तिकिटांचं काय झालं? प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत होती ना, ११ ला संपेल. आणि भावोजींच्या विमानाचं?

—

मुलुंडचा_अण्णा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

बरं झालं आठवण केलीत, सगळेच विसरले होते. बाबा सोडून. ती दोन तिकिटं त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, मे महिन्यात खिडकी उघडल्याची बातमीही त्यांनीच वाचली होती, पण त्यांना रांगेत मी जाऊ देईना आणि मला ते तिकीट देईनात. आज शेवटी दिली. मास्क लावून मुलुंडला गेलो, पुढे चारच माणसं, दहा मिनिटांत रोख हातात. दोघांचे मिळून दोन हजारांच्या वर.

भावोजींना विमान कंपनीने पैशांऐवजी क्रेडिट, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायची जमा, दिलंय. १ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून ते रोज ताईला वाचून दाखवतात. १५ दिवसांत परतावा, कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट. त्यांची कंपनी अर्थातच अडचणीत आहे.

गाडीवाल्याचा जूनमध्ये फोन आला होता. सध्या तो गाडीची मागची सीट काढून भाजी पोचवतोय. म्हणाला, सर, तुमचे तीन हजार लिहून ठेवलेत, सीट परत बसवली की कळवतो.

बाबांनी पैसे दोनदा मोजले, पाकिटात ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी टू टियर."