पणजोबांचा पहिल्या महायुद्धातला फोटो, मागचा मनोरा कुठला आहे?

जुनीपेटी:
आजीच्या पेटीत अगदी तळाशी सापडला, पोस्टकार्डाएवढा. चार फौजी उभे आहेत, डावीकडून दुसरे आमचे पणजोबा, ११४ मराठा पलटणीत होते, आणि मागे विटांचा मनोरा ज्याला बाहेरूनच गोल गोल वर जाणारी वाट आहे, शंखासारखी. घरात सगळे "बसऱ्याचा फोटो" म्हणतात पण आमच्याकडे मेसोपोटेमियातलं सगळंच बसरा. मागच्या बाजूला शाईने मोडीत दोन ओळी आहेत, त्याचाही फोटो टाकलाय. कुणाला काही कळत असेल तर प्लीज सांगा, आठवडाभर नुसता बघत बसलोय.

वीटकाम:
बसरा नाही, हा समाऱ्याचा मलविया मनोरा, बगदादच्या उत्तरेला तैग्रिसच्या काठी. अब्बासी खलिफा मुतवक्किलने ८५० च्या आसपास मशिदीसोबत बांधून घेतला, उंची ५२ मीटर. असाच एक जवळ अबू दुलफला पण आहे पण तो बराच लहान, आणि तिथे मशिदीच्या आतल्या कमानी अजून उभ्या आहेत, समाऱ्याला फक्त बाहेरची भिंत उरली. तुमच्या फोटोत उजवीकडे अर्धगोल बुरुजांची भिंत दिसते आणि कमान एकही नाही, म्हणून खात्रीने सांगतोय. इंग्रजांच्या फौजेने बगदाद मार्च १९१७ ला घेतलं, समारा एप्रिलमध्ये, त्याआधीचा फोटो नसणार. २००५ ला स्फोटात मनोऱ्याच्या टोकाचं नुकसान झालं, तुमच्याकडे ते शाबूत आहे, नीट स्कॅन करून ठेवाच.

मोडीवेडा:
शाई बरीच उडालीय. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, सगळं एका दमात, त्यामुळे वेळ लागला. पहिली ओळ "समरे येथील मनोरा" अशी लागते. दुसरी स्पष्ट आहे, "वरपावेतो चढलो. वारा फार."

जुनीपेटी:
दोघांचे मनापासून आभार. आजी सांगायची की शरकातच्या लढाईत पायाला गोळी लागली आणि मग जन्मभर काठी. शरकात म्हणजे ऑक्टोबर १९१८, मग फोटो त्याच्या आधीच्या दीड वर्षातला. काठीशिवाय चालणारे पणजोबा आमच्यात कुणीच पाहिलेले नाहीत. बाबांना लगेच फोन केला, ते मला "वारा फार" पुन्हा पुन्हा वाचायला लावतायत.