ऑक्ट्रॉयचा आठाशी संबंध नाही
ऑक्ट्रॉय म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरची जकात. 'ऑक्टो म्हणजे आठ, म्हणून ऑक्ट्रॉय म्हणजे मालाचा आठवा हिस्सा' हे गणित दिसायला झकास, पण जुळत नाही. शब्द आला फ्रेंच 'ऑक्त्रवाये'वरून, अर्थ बहाल करणे. राजा शहराला वसुलीचा हक्क बहाल करायचा, तेच नाव पुढे कराला चिकटलं. त्याचं मूळ लॅटिन. 'ऑथर' आणि 'ऑथोराइज' त्याच घरातले.

आपली 'जकात' मात्र अरबी, आणि तिकडे तो चक्क दानधर्म! (नाक्यावर रांगेत ताटकळलेल्या ट्रकवाल्याला हे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.) १ जुलै २०१७ला जीएसटी आला नि मुंबईची जकात गेली, पण ठाण्यात रिक्षात बसून नुसतं 'चेकनाका' म्हटलं की रिक्षावाला अजूनही मुकाट मीटर पाडून मुलुंडच्या दिशेला लागतो.