मदत हवी आहे: रेपो सव्वा टक्का उतरला, आमच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता मात्र २०४८ मध्ये

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे, मार्च २०२१ मध्ये घेतलेलं. तेव्हा राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात दिलेली सवलत ३१ मार्चला संपणार होती आणि गृहकर्जही कधी नव्हे इतकं स्वस्त झालं होतं. मास्क लावून निबंधक कार्यालयाबाहेर चार तास रांगेत उभे राहिलो, तरी पाय दुखल्याचं आठवत नाही, इतके आनंदात होतो.

एका गृहवित्त कंपनीकडून ३२ लाख घेतले. वीस वर्षं, ६.९० टक्के, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराने. हप्ता २४,६१८ रुपये. शेवटचा हप्ता मार्च २०४१. नवरा तेव्हा ५६ वर्षांचा असेल, ५८ ला निवृत्ती, म्हणजे दोन वर्षं मोकळी मिळतील, असा हिशेब मांडला होता.

आजवर ५७ हप्ते भरले. एकही चुकला नाही आणि हप्त्याची रक्कमही कधी बदलली नाही. रक्कम तीच आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही धरून चाललो.

गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागितले, म्हणून व्याजाचं सर्टिफिकेट काढायला बसले. सोबत पूर्ण स्टेटमेंटही डाउनलोड झालं. जेवणं आटोपल्यावर ओट्याजवळच्या टेबलावर ते पसरलं आणि एकेक ओळ वाचत गेले. एप्रिल २०२३ च्या ओळीवर थांबले. हप्ता २४,६१८. त्यातले व्याजाला २२,३४८. मुद्दलात २,२७०. मला वाटलं मी रकाने उलटे वाचतेय.

दर ६.९० वरून ७.७०, मग ८.४०, मग ८.७५ झाला होता. हप्ता तोच ठेवून कंपनीने मुदत वाढवत नेली. एप्रिल २०२३ ला आमचे २१६ हप्ते उरायला हवे होते, तिथे ३२८ झाले. मोबाइलवर जुने मेसेज शोधले तर ‘युवर टेनर हॅज बीन रिव्हाइज्ड’ असा एक सापडला. ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत तो मी उघडलाच नव्हता.

आजची स्थिती अशी: ५७ हप्त्यांचे मिळून १४ लाख ३ हजार भरले आणि मुद्दल कमी झालं २ लाख २४ हजार. अजून २९ लाख ७६ हजार देणं आहे. सध्याचा दर ८.४५, हप्ते उरलेत २७२, शेवटचा ऑगस्ट २०४८ मध्ये. नवरा तेव्हा ६३ वर्षांचा असेल. सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या. त्यांच्या पाटल्या मोडून आम्ही डाउन पेमेंट भरलं होतं.

बातम्यांत तर वर्षभर रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, उतरला आणि ‘कर्जं स्वस्त झाली’ असंच चालू आहे. आमचा दर गेल्या जुलैत एकदाच ०.३० ने उतरला. शाखेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं नाही मॅडम.’ उरलेल्या मुद्दलावर अर्धा टक्का आणि वर जीएसटी, म्हणजे १७,५५८ रुपये भरले तर दर ७.९० करून देतो म्हणाला. एका सरकारी बँकेत चौकशी केली, तिथे रेपोला जोडलेला ७.३५ मिळतोय.

फेब्रुवारीत आमची पाच लाखांची एफडी सुटते. घरात दुसरी शिल्लक नाही.

तर विचारायचंय ते हे. सगळीकडे दर उतरले असताना आमचाच का नाही? इथेच पैसे भरून दर कमी करून घ्यावा की कर्ज बँकेत हलवावं? आणि एफडीतले पैसे कर्जात घालावेत का? नवरा म्हणतो हप्ता वाढवू, पण मुलगी यंदा दहावीला आहे, पुढचा खर्च डोळ्यांसमोर दिसतोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी हे ऐका की यात तुमचा हलगर्जीपणा नाही. आमच्या सोसायटीत सहा-सात घरांत हेच निघालं.

तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा करोनामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणून ठेवला होता. मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत तो तिथेच होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. तेल, गहू, खाद्यतेल सगळंच भडकलं. एप्रिल २०२२ ची महागाई ७.७९ टक्के निघाली. रिझर्व्ह बँकेने ती ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ च्या आत ठेवायची असते. ४ मे २०२२ ला ठरलेली बैठक नसतानाही दर ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. पुढे दोन वर्षं तो हललाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिली कपात झाली, मग एप्रिल, जून आणि डिसेंबरमध्ये. आता सव्वापाच आहे. कारण महागाईच खाली आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ती पाव टक्का होती.

म्हणजे तुम्ही घर घेतलंत ते दरांच्या तळाशी. तो दर वीस वर्षं टिकणारा नव्हताच, पण हे तेव्हा कुठलाही एजंट सांगत नव्हता.

प्रतिसाद २

मी सरकारी बँकेत कर्ज विभागात होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं आणि किमान तीन महिन्यांतून एकदा तो बदल पुढे देणं सक्तीचं आहे. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट, म्हणजे मूळ दर, असतो आणि त्यातून वजा केलेली सूट तुमच्या करारात लिहिलेली असते. नवं गिऱ्हाईक आणायचं तर ते सूट वाढवतात, मूळ दर तसाच ठेवतात. जुन्या गिऱ्हाइकाची सूट गोठलेली, म्हणून त्याचा दर वरच राहतो. पैसे भरून दर कमी करणं म्हणजे तुमची सूट वाढवून घेणं. सॅंक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, काढून बघा, ही सूट आकड्यांत दिलेली असेल.

आता मुदतीचं. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि ते गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायला हवं. दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं आणि त्यात किती हप्ते उरले हे स्पष्ट लिहायचं. जुन्या कर्जदारांनाही हे पर्याय कळवायचे होते. तुमची मुदत वाढली ती या परिपत्रकाच्या आधी, तरी आज तुम्ही लेखी अर्ज देऊन मुदत कमी करून मागू शकता. तोंडी बोलू नका. अर्जावर आवक शिक्का घ्या.

फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, कर्ज दुसरीकडे हलवतानाही नाही. कोणी मागितला तर नियम दाखवा.

प्रतिसाद ३

मी न्यू जर्सीत असतो. इथे बहुतेकांचं गृहकर्ज तीस वर्षं एकाच दराचं असतं. जानेवारी २०२१ मध्ये सरासरी दर २.६५ टक्क्यांवर गेला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ झाला. ज्यांनी तेव्हा घेतलं ते आजही जुनाच हप्ता भरतात, पण घर बदलायचं म्हटलं की नवं कर्ज दुपटीहून जास्त दराने. माझा शेजारी तीन मुलं घेऊन दोन खोल्यांत राहतोय, हलत नाही. आपल्याकडे दर वाढला की झळ चालू कर्जदाराला लगेच लागते, इथे ती नव्या घेणाऱ्यावर जाते. तुमच्या प्रश्नाला याचा थेट उपयोग नाही, पण तुम्ही एकट्या नाही आहात एवढं सांगावंसं वाटलं.

प्रतिसाद ४

मी गेल्याच वर्षी नाशिकला कर्ज हलवलं. अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी एक सावधगिरी. बँकेचा माणूस नवीन कर्ज वीस वर्षांचं करून देईल आणि हप्ता कमी झाल्याचं दाखवेल. तुमच्या आकड्यांवर मी करून बघितलं: ७.३५ ने वीस वर्षांना हप्ता २३,७०२ होतो. महिन्याला नऊशे रुपये वाचल्याचा आनंद, आणि कर्ज २०४६ पर्यंत. ते घेऊ नका. हप्ता २४,६१८ च ठेवा, म्हणजे २७२ ऐवजी २२१ हप्त्यांत संपेल. एक्कावन्न हप्ते, साडेबारा लाखांच्या आसपास, तेही खिशातून एक रुपया जास्त न देता. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्या म्हणून मागे लागतील, तिकडे बघूही नका.

आता एफडी. पाचही लाख घालू नका. दहावीची मुलगी, एकाचा पगार आणि घरात वयस्कर माणूस. दोन लाख बाजूला राहू द्या. तीन लाख मुद्दलात घातले तर देणं २६ लाख ७६ हजार उरतं. ७.३५ ने, त्याच हप्त्यात, ते १८० महिन्यांत फिटतं. तुमच्या मूळ करारानुसार आज १८३ हप्ते उरायला हवे होते. म्हणजे तुम्ही परत २०४१ च्या आत येता, हप्ता न वाढवता.

मी हे तीनदा तपासलं, कारण मलाही खरं वाटेना.

प्रतिसाद ५

कर्ज फेडू नका, करसवलत जाईल, असं कोणीतरी सांगेलच. नवरा नव्या करप्रणालीत असेल तर राहत्या घराच्या व्याजावर सवलत मिळतच नाही. जुन्या प्रणालीत व्याजावर दोन लाखांपर्यंत मिळते. आधी ते बघा.

आणि रेपोचं कर्ज वर जातानाही तितक्याच वेगाने जातं. दोन वर्षांनी महागाई उसळली तर हाच हिशेब पुन्हा बिघडेल. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंटमधला ‘उरलेले हप्ते’ हा एकच आकडा बघायची सवय लावा. तो वाढला की त्याच आठवड्यात बँकेत जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. ‘परत वाच,’ म्हणाल्या.

सॅंक्शन लेटर सापडलं. पान ३ वर सूट लिहिलेली आहे, अगदी प्रतिसाद २ मधल्या ताईंनी सांगितलं तशी, आणि ती पाच वर्षांत बदललेली नाही. नवरा गेल्या वर्षीपासून नव्या करप्रणालीत आहे, त्यामुळे करसवलतीचा प्रश्न मिटला.

काल शाखेत लेखी अर्ज दिला: फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज पूर्ण फेडायला लागणाऱ्या रकमेचा हिशेब) आणि कागदपत्रांची यादी द्या. शिक्का मारून घेतला. अर्ज वाचल्यावर आतल्या केबिनमधले साहेब स्वतः बाहेर आले आणि फी न घेता ७.६० करून देतो म्हणाले. गेल्या आठवड्यात हेच १७ हजार भरून ७.९० होतं. घरी येऊन हिशेब केला. तीन लाख भरून ७.६० वर १८५ हप्ते, बँकेत १८०. फरक पाच हप्त्यांचा, सव्वा लाखाचा. बँकेचा लीगल, व्हॅल्युएशन आणि गहाणाच्या मुद्रांकाचा खर्च त्यांनी सगळा मिळून २४ हजार सांगितलाय. तो वजा केला तरी लाखभर उरतात. पण खरं कारण ते नाही. पुढच्या वेळी दर उतरतील तेव्हा मला पुन्हा अर्ज घेऊन कुणाच्या केबिनबाहेर उभं राहायचं नाहीये. बँकेतच हलवायचं ठरवलंय.

आता एकच अडचण आहे. बँक सोसायटीचं ना हरकत पत्र मागतेय आणि आमच्या सोसायटीची कमिटी बरखास्त होऊन प्रशासक बसलाय. अशा वेळी पत्र प्रशासकाच्या सहीचं चालतं का? कुणी असं करून घेतलं असेल तर लिहा. एफडी १७ फेब्रुवारीला सुटते, त्याआधी कागद पूर्ण करायचे आहेत.