चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी मराठीत कोण लिहितं?

मृण्मयी_के:
मराठी मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की आपलं साहित्य त्याचा हात सोडतं, असं माझं ठाम मत आहे. लहानांसाठी सुंदर चित्रांची पुस्तकं आहेत. पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटतो. त्यानंतर थेट मोठ्यांचं कपाट. यावर दोन नावं हमखास सांगितली जातात: प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन आणि मिलिंद बोकिलांची कादंबरी 'शाळा'. दोन्ही मला जिवापाड आवडतात. पण लंपन राहतो बेळगावकडच्या, कानडी मिसळलेल्या जुन्या काळात, आणि २००४ साली आलेली 'शाळा' घडते आणीबाणीतल्या नववीच्या वर्गात. मोठ्या झालेल्या माणसाने मागे वळून पाहिलेलं हे लेखन आहे. कुमारांविषयी लिहिणं आणि कुमारांसाठी लिहिणं यात फरक आहे. फुरसुंगीचा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे, पुण्यात सायकल दामटायचा तेव्हा त्याचे वाचकही सायकलच दामटत होते. आजच्या मुलांचा असा सोबती कुठे आहे?

जुना_वाचक:
अजिबात पटलं नाही. पंधराव्या वर्षी आम्ही मोठ्यांची पुस्तकं वाचली, निम्मी कळली नाहीत, आणि न कळलेलं निम्मंच पुढे वर्षानुवर्षं मनात राहिलं. त्या वयाला मोठ्यांच्या जगात डोकावायचं असतं, आणि तुम्ही त्याच्यासाठी वेगळी खोली बांधायला निघालात! 'कुमार' हे लेबल विक्रेत्याच्या सोयीचं आहे. शिवाय 'आजचं' लिहायचं म्हणून ज्यात त्यात मोबाइल घातला, तर पाच वर्षांत ते पुस्तक शिळं होईल. लंपन शिळा होत नाही, कारण त्याचं एकटेपण कुठल्या सालाचं नाही.

ग्रंथपाल_बीड:
मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. जुना_वाचक, तुमच्या घरात ते मोठ्यांचं कपाट होतं. माझ्या मुलींच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, ते त्या आवडीने वाचतात, पण नववीनंतर "आता काय देऊ?" याला माझ्याकडे उत्तर नसतं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात. मुलगी मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर, म्हणून तिचं लग्न उरकतात. अशी मुलगी नायिका असलेली, तिलाच वाचता येईल अशी कादंबरी मला हवी आहे. तिच्यावर मोठ्यांनी हळहळावं म्हणून लिहिलेली नको.
आणखी एक. पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत, पालक आणि शाळा घेतात. एका कथासंग्रहात मुलीने मुलाला लिहिलेली चिठ्ठी होती, तर तो संग्रह मला परत पाठवायला लावला. लेखक हे ओळखून असतात, म्हणून आधीच हात आखडता घेतात.

अकरावी_लातूर:
मी १७ वर्षांचा आहे. क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहतो. इंग्रजीतल्या जादूच्या जाडजूड कादंबऱ्या रात्री जागून वाचतो. मराठी गोष्ट हातात घेतली की चौथ्या पानावर कळतं, या मुलाला शेवटी स्वतःची चूक उमगणार आणि आजोबा त्याच्या पाठीवर हात ठेवणार. आमच्या खोलीत चौघं आहेत. एकाला 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, भीती वाटते पण घरी सांगता येत नाही, कारण क्लासच्या फीसाठी शेत गहाण पडलंय. आम्ही रात्री यावरच बोलतो, मराठीत. हे पुस्तकात का नाही? आणि काका, मोबाइल आमच्या आयुष्यात आहे. घरच्यांचा आवाज रोज त्यातूनच ऐकू येतो.

जुना_वाचक:
बाळा, तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. फीचं आणि शेताचं पुस्तकात यायलाच हवं, हे मान्य. पण 'प्रश्न' घेऊन लिहायला बसलेला लेखक पात्रांना फलक बनवतो, ही माझी भीती जात नाही. बालविवाहावर एक, परीक्षेच्या ताणावर एक, अशी पुस्तकं निघतील, सरकारी खरेदीत खपतील आणि कपाटात धूळ खातील. ती उपदेशाचीच नवी आवृत्ती असेल.

मृण्मयी_के:
ही भीती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय न लिहिणं हा नाही. अमेरिकेत एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' ही कादंबरी शाळेत असतानाच लिहायला घेतली, कारण आपल्या भोवतीची मुलं त्यांना कुठल्याच पुस्तकात दिसत नव्हती. १९६७ मध्ये ती छापून आली. तिच्यातल्या टोळ्यांमधली मुलं मारामाऱ्या करतात, सूर्यास्तही बघतात, आणि त्यांना सुधारायला कुणी आजोबा येत नाही.
आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. म्हणजे इंग्रजी माध्यमातली मुलंही देवनागरी वाचणार. पण त्यांच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडे काय देणार? प्रकाशकांनी निदान एवढं करावं: कुमारांसाठीचं हस्तलिखित छापण्याआधी चार-पाच सोळा वर्षांच्या मुलांना वाचायला द्यावं, आणि जिथे त्यांनी पुस्तक मिटलं ते पान लेखकाला दाखवावं.

ग्रंथपाल_बीड:
त्यात पुण्या-मुंबईचीच मुलं नकोत. माझ्या दहावीच्या मुली तयार आहेत, हस्तलिखित पाठवा. चिठ्ठीचं पान काढू नका.