अनुभव धागा : नुकतं काय पाहिलंत, काय वाचलंत? (गोवेकरांसाठी)

सूत्रधार, पणजी

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत भरतो. नोव्हेंबरात गळ्यात पास अडकवला की आपण सगळेच समीक्षक होतो. उरलेलं वर्षभर काय पाहतो नि काय वाचतो, हे मात्र एकमेकांना सांगायचं राहून जातं. म्हणून हा धागा. अलीकडे पाहिलेला एखादा सिनेमा किंवा वाचलेली कादंबरी घ्या आणि मत लिहा. कथानक थोडक्यात, शेवट अजिबात नको. पुरस्कार मिळाला म्हणून आवडायलाच हवं अशी सक्ती नाही. 'एकदा बघायला हरकत नाही' हे मत धरलं जाणार नाही.

सुरुवात मीच करते. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' उशिराच पाहिला. २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री मिळाल्यावर इतकं ऐकलं होतं की बघायचा उत्साहच गेला होता. रात्रीची मुंबई, लोकल, इस्पितळातल्या मल्याळी नर्सा, हे सगळं फार सुंदर. पण शेवटच्या भागात मंडळी रत्नागिरीकडे समुद्रकाठी येतात आणि एकदम मोकळी होतात, तिथे माझं जरा बिनसलं. आपल्याकडेही दर शनिवारी अशी मोकळी होणारी माणसं गाड्या भरभरून येतात, म्हणून असेल. छाया कदमची पार्वती मात्र या सगळ्यातून सुटते. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला मुंबईतून हुसकावतोय. ती गावी येते ती हवा खायला नव्हे, राहायला. तिच्यावर वेगळा सिनेमा निघाला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

पेडण्याहून

'दशावतार'. सुबोध खानोलकरांचा, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला.

आमच्याकडे जत्रेला पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर दशावतारी नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. संहिता नसते. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की संवाद जागच्या जागी जुळवायचे. साथीला पेटी, पखवाज, झांज. असलं बघत वाढल्यामुळे पडद्यावरचा खोटा दशावतार आमच्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री खोटा नाही. ऐंशी ओलांडलेला हा नट. रंग लावलेला बाबुली आणि घरातला बाबुली यांची चाल वेगळी, नजर वेगळी. मुलगा म्हणतो आता बस करा, नजर अधू होत चाललीय. बाप ऐकत नाही. आमच्या वाड्यावर असले दोन-तीन म्हातारे आहेत, नावं घेत नाही.

पुढे खाणीचा विषय येतो आणि सिनेमा घाई करायला लागतो. आधी सावकाश उभं केलेलं बापलेकाचं घर मागे पडतं आणि सगळा भार देवावर. शेजारच्या खुर्चीतले काका टाळ्या वाजवत होते, मी नाही वाजवल्या. नाटकातला राक्षस ओळखता येतो, त्याच्या तोंडाला रंग असतो. खाणवाल्याच्या तोंडाला नसतो, तो चांगलं इस्त्रीचं शर्ट घालून पंचायतीत येतो आणि आपल्याला नावाने हाक मारतो. तो माणूस मला पडद्यावर हवा होता.

डिचोलीहून

वरच्या मुद्द्याला धरूनच. आमच्या घरासमोर पहाटेपासून ट्रकांची रांग लागायची. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत बंद. ट्रकचे हप्ते मात्र थांबले नाहीत. शेतात लाल गाळ उतरला तो त्या खाणींमुळेच, आणि आम्हा भावंडांच्या फिया भरल्या त्याही ट्रकच्या फेऱ्यांवर. त्यामुळे खाण म्हणजे बाहेरून आलेलं संकट, ही मांडणी थिएटरात बरी वाटते. घरी आल्यावर बाबांच्या तोंडाकडे बघून ती टिकत नाही.

सिनेमा बघून आल्यावर पुंडलीक नायकांची 'अच्छेव' परत काढली. १९७७ सालची कोंकणी कादंबरी. कोळांब गावातला पंढरी आपलं शेत सोडून खाणीवर जातो. त्याला कोणी बखोटीला धरून नेत नाही. रोकडा पैसा हातात खेळायला लागतो आणि गाव आतून उसवत जातं. लिहिली तेव्हा खाणी जोरात होत्या, म्हणजे पश्चात्बुद्धीचा प्रश्नच नव्हता. अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची बोली, खरबरीत, कुठेही गोड करून सांगितलेली नाही.

तक्रार आहे. पुंडलीक नायक आपल्या पात्रांना श्वास घेऊ देत नाहीत. एक आपत्ती संपते न संपते तोच दुसरी. पंढरीच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या वाट्याला जे येतं त्यातली काही पानं मी उलटून टाकली, वाचवली नाहीत. पण 'दशावतार' आवडलेल्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला वाटतं, आणि न आवडलेल्यांनी तर नक्कीच.

सांग्याहून

माझं सासर वाडे वसाहतीत. मूळ गाव कुर्डी, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मे महिन्यात पाणी उतरतं, गाव वर येतं, लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणून फोटो काढायलाही बरेच येतात.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला साहित्य अकादमी मिळाली २०२३ मध्ये, मी वाचली आता. धरणामुळे उठवलेलं गाव, नवीन जागी नेलेली माणसं, मागे जंगलात सुटलेली आणि रानटी झालेली जनावरं. एक माणूस आपली म्हैस आणायला परत जातो. गोष्ट एवढीच. संध्याकाळी सासूबाई खोबरं किसताना मी मोठ्याने वाचायचे. खोतांची बोली कोल्हापूरकडची, आम्हा दोघींनाही अडखळायला व्हायचं, पण म्हशीचं आलं की सासूबाईंचा हात थांबायचा. एकदा म्हणाल्या, "आमच्या गोरवांचें कितें जालें, तें कोणेंच विचारूंक ना." मग कुठली गाय कोणाला दिली, कुठली नवीन गोठ्यात चाराच खाईना, हे सगळं त्या रात्री जेवणापर्यंत चाललं. इतकी वर्षं या घरात आहे, हे मी कधी ऐकलं नव्हतं. कुर्डीवर जे काही लिहून येतं त्यात देऊळ असतं, गाणं असतं, बुडालेल्या घरांचे चौथरे असतात. गुरं कधी नसतात.

कादंबरी म्हणून विचाराल तर मधे लांबली आहे. माणूस आणि म्हैस यांची झटापट त्याच त्याच वळणावर येते, तिथे मी दोनेक पानं गाळूनही वाचली. सासूबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला मागे जायला लावलं.

मडगावहून

दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' दुसऱ्यांदा वाचली. १९८१ ची कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी. भाईंना (मावजोंना) २०२२ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदनाचे निरोप टाकले, पण विचारलं तर निम्म्यांनी हीसुद्धा वाचलेली नव्हती. कॉलेजात असताना मला ती कुवेतला आया म्हणून गेलेल्या बाईची करुण कहाणी वाटली होती. आता कुवेतपेक्षा आधीची पानं जास्त लागली: मामाच्या घरी वाढणं, दारुडा नवरा, सासष्टीतल्या घराघरांत चालणारे हिशेब. बाई परदेशी जाऊन पैसे पाठवते तेव्हा सगळ्यांना ते हवे असतात, आणि ती तिथे कशी राहते हे कोणालाच ऐकायचं नसतं. आमच्या वाड्यावरच्या एक आंटी बरीच वर्षं आखातात होत्या. त्यांच्याकडे गेलं की त्या फक्त तिकडच्या एसीबद्दल बोलतात.

वास्कोहून

रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' अर्ध्यात सोडली. एका घराण्याचा सातेकशे वर्षांचा पट, आवाका जबरदस्त, पण निवेदक मधेमधे येऊन व्याख्यान द्यायला लागला की माझा ताबा सुटतो. कोणी पूर्ण केली असेल तर पुढे तो गप्प बसतो का तेवढं सांगा.

पर्वरीहून

रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. सनडान्सला २०२५ मध्ये ज्यूरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा, आणि आमच्या जवळच्या पडद्यावर खेळ कुठला तर भर दुपारचा. सुट्टी टाकून गेलो, आईला घेऊन. विषय सांगितला नव्हता. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो आणि लहानपणीचा मित्र बाळ्या त्याला परत भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम आहे हे कळल्यावर मागच्या रांगेत थोडी खुसखुस झाली, मग थांबली. आई शांत होती.

संथ आहे, हे खरं. कॅमेरा एका जागी बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. पण कोणी कोणाला धोपटत नाही, घरातून काढत नाही. या विषयावर आपल्याला ज्या मारझोडीची सवय झालीय ती इथे नाही. नातेवाईक फक्त एकच विचारत राहतात, लग्न कधी. सुतकाचे नियम, भाऊबंदांची ये-जा, कोणी काय खायचं, कुठे झोपायचं, हे आपल्या घरातलंच वाटतं. मांडवी पूल ओलांडेपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "घर माणसांनी भरलेलं, आणि त्या पोराला बापासाठी रडायला एक कोपरा नाही." बाळ्याबद्दल तिने काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मावशीला फोनवर मात्र सांगत होती की सिनेमा चांगला आहे, जाऊन बघ.

म्हापशाहून

डिचोलीकरांना एक सुचवतो. खलनायक बाहेरचा नको असेल तर लक्ष्मीकांत शेटगावकरांचा 'पल्तडचो मुनिस' बघा. २००९ मध्ये टोरोंटोला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार घेतलेला कोंकणी सिनेमा. आपल्याकडे नाव सगळ्यांना ठाऊक, बघितलेले कमी. मीसुद्धा आत्ता पाहिला. जंगलात एकटा राहणारा विधुर वनरक्षक, त्याच्या दारात आलेली वेडी बाई, आणि जंगलाच्या जमिनीवर देऊळ वाढवायला निघालेलं गाव. गावाला त्या दोघांचं एकत्र राहणं पाप वाटतं आणि झाडं तोडणं पुण्य. वीणा जामकरला फारसे संवाद नाहीत. ती वेडी का झाली हे सिनेमा सांगत बसत नाही, हे मला सर्वांत आवडलं. माझ्या बायकोला नेमकं तेच खटकलं. तिचं म्हणणं, पुरुषाचं एकटेपण तपशिलात दाखवता आणि बाईला भूतकाळच देत नाही, हे कसं? यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

सिनेमा महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर आहे. त्यात त्या बाईचं काय आहे ते बघायचंय. पणजीला पाटोवरच्या ग्रंथालयात प्रत बाहेर गेलेली आहे. कोणाकडे असेल तर बार्देशात कुठेही येऊन घेऊन जाईन.